राजदूतचा हरवलेला नंबर

मोझेस पाटोळे सर भित्रे होते असं म्हणणं बरोबर नाही. ते सावध होते. एवढंच की त्यांची सावधगिरी रोज त्यांच्या आधी अर्धा तास उठून बसलेली असे. गॅसचं बटण ते तीनदा बघत. एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघत, आणि आपल्या नगरात ते चुकीचं आहे असं कोण म्हणेल? पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, पण मुलांना वाघ म्हणून काढायला लावला नाही. फुलदाणी, आंबा, फार तर बैल, तोही बसलेला. जगात एकच जागा अशी होती की तिथे सरांच्या अंगात बळ येई. हातात झांज घेऊन सत्यशीलाबाईंच्या मागे कीर्तनाला उभं राहिलं की सर वेगळेच होत. मान ताठ, डोळे मिटलेले, ताल असा पक्का की तबलेवाल्याने त्यांच्याकडे बघून आपला हात सावरावा.

सत्यशीलाबाई म्हणजे ख्रिस्ती कीर्तनकार. सत्तरी ओलांडलेल्या, पांढरी साडी, हातात चिपळ्या, आवाज अजून खणखणीत. श्रीगोंद्यापासून बेलापूरपर्यंत गावोगावच्या मंडळ्या त्यांना बोलावतात, आणि बाई पूर्वरंगाला उभ्या राहिल्या की शेजारपाजारची हिंदू घरंही ओट्यावर येऊन बसतात. प्रभूचं नाव सुरात आलं की ते कान कुणाचा आहे हे विचारत बसत नाही.

अशाच एका कीर्तनाच्या पायी सगळं घडलं. श्रीगोंद्याजवळच्या एका वस्तीवर कीर्तन झालं, राहीबाई नावाच्या शेतकरी बाईंनी सगळ्या मंडळींना जेवायला थांबवलं, आणि हात धुवायला गोठ्यामागे गेलेल्या सरांना मोटारसायकल दिसली. राजदूत. सीटवर एक कोंबडी अशी बसली होती, जणू हप्ते तिनेच फेडलेत. चाकं मातीत रुतलेली, टाकी गंजलेली. पण त्या टाकीची गोलाई बघून चित्रकलेच्या मास्तराचा जीव खाली-वर झाला. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते, हात शिवशिवत होते आणि पोटात पुरणपोळ्या होत्या. अशा वेळी माणसाने निर्णय घेऊ नये.

"आमच्या मालकांची हाय," मागून राहीबाई म्हणाल्या. "ते गेल्याला बारा वर्सं झाली. भंगारवाला दोनदा यिऊन गेला, म्या न्हाई दिली."

"मी... मी नीट करीन तिला," सर म्हणाले, आणि आपणच हे बोललो का हे बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं.

राहीबाईंनी त्यांच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. मग कोंबडी उचलून खाली ठेवली. "तुमी झांज मन लावून वाजिवता. गाडी बी मन लावून कराल. न्या. पन एक हाय सर, चालू झाली की एक डाव हितं आना. तिचा आवाज ऐकायचा हाय मला. लांबनं आवाज आला की आमी भाकरी टाकायला घ्यायचो."

निघताना बाईंनी गाडीची कागदं एका पिशवीत घालून दिली आणि वर फडक्यात धपाटे बांधून दिले.

सावेडीत टेम्पो येऊन थांबला तेव्हा शेजारचे छगनराव फाटकात उभे होते. छगनराव म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. बत्तीस वर्षं त्यांच्या मागे पन्नास माणसं बसत होती आणि कुणी उलट बोलत नव्हतं. ती सवय अजून गेलेली नाही.

"सर," ते म्हणाले, "ही विकत आणली का उकरून काढली?"

"जुनी गाडी पूर्ववत करणं हा आजकाल छंद आहे, छगनराव."

"असंल, असंल. आमच्या मेव्हण्यालापन होता. आता त्याच्या एका पायात स्टील हाय."

सरांच्या पत्नी हेलनबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडी पाहिली, नवऱ्याला पाहिलं, आणि एवढंच विचारलं, "अहो, ह्याच्यावर बसणार कोण?"

बसण्याचा विचार सरांनी केलाच नव्हता. त्यांच्या मनातलं चित्र म्हणजे एक चकचकीत राजदूत, बाजूला फुलदाणी.

इंजिन सर्जेपुऱ्यातल्या हनीफ मेस्त्रींनी घरी येऊन उतरवून नेलं. "सर, आतडी माझी, कातडी तुमची," अशी त्यांनी कामाची वाटणी केली. दीड महिन्याने इंजिन परत आलं, बसवलं, आणि मेस्त्री म्हणाले, "मारा किक." सरांनी मनात प्रार्थना करून किक मारली. किकने सरांना मारलं. नडगीला हे एवढं टेंगूळ आलं. दुसऱ्या किकला गाडीने बंदुकीसारखा बार काढला आणि समोरच्या केशरबाईंच्या हातातली दुधाची पिशवी अंगणात फुटली. तिसऱ्या किकला ती चालू झाली आणि सगळी गल्ली निळ्या धुरात गेली. त्या धुरातून छगनरावांचा आवाज आला, "सर, हायेत का अजून?"

सर होते, पण जिन्याखाली.

मात्र कातडीचं काम, ते बघावं! तिथे सर सरच होते. गंज खरवडून चौकट उघडी केली, तेव्हा तिच्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, चरे, ओरखडे निघाले. हे बुजवायला रंगारी लोक लांबी भरतात. पिठाच्या लगद्यासारखी असते. बोटाने दाबून भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासायची, परत भरायची, परत घासायची. रंगाऱ्याची लांबी दोन हातांत संपते. सरांनी सात हात दिले. आयुष्यभर फळ्यावरचा एक वेडावाकडा ठिपका ज्याला सहन झाला नाही, तो खड्डा कसा सोडेल? सकाळी उपासना संगीत लावायचं, तालावर घासायचं, डोळे मिटून बोटाच्या टोकाने पृष्ठभाग चाचपायचा. कुठे काही लागलं की भर लांबी. वरून काळ्या रंगाचे तीन थर. टाकीच्या कडेने केसाएवढी सोनेरी रेघ, तीही पट्टी न लावता, श्वास रोखून ओढलेली. रविवारी पाळकसाहेब बघायला आले तर टाकीत बघून त्यांनी आपला भांग सारखा केला.

एवढ्यावर हा छंद थांबला असता तर बरं झालं असतं. पण गाडी रस्त्यावर आणायची तर नाव बदलायला हवं, जुन्या गाडीची नोंदणी नव्याने करायला हवी. राहीबाईंच्या मालकांचा मृत्यूचा दाखला, वारसाचं पत्र, तीन ठिकाणी बाईंचा अंगठा, हे सगळं झालं. कुठे एका जागी "रामभाऊ" आणि दुसऱ्या जागी "रामचंद्र" होतं, त्याचं प्रतिज्ञापत्र झालं. सर कागदाला भीत नसत. कागद हा त्यांचा प्रांत. शेवटी गाडी टेम्पोत घालून आरटीओत नेली.

निरीक्षक तरुण होता, बोलायला मऊ. त्याने इंजिनचा नंबर पाहिला, तो नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळला. मग हँडलच्या खाली, चौकटीच्या मानेवर टॉर्च मारला. वाकून बघितलं. दुसऱ्या बाजूने बघितलं. बोट फिरवलं.

"सर, चेसिस नंबर कुठाय?"

"असेल ना तिथंच."

"इथं ठोकलेला असतो. नाहीये." त्याने पुन्हा बोट फिरवलं. "काच आहे नुसती. इतकं सफाईदार काम साध्यासुध्या माणसाचं नाही. हे सराईत हाताचं काम आहे."

क्षणभर, प्रभू क्षमा करो, सरांना फार बरं वाटलं.

"चोरीच्या गाड्यांचे नंबर असे घासून उडवतात," निरीक्षक म्हणाला. "इंजिन एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा. कुणाकडून घेतली?"

सरांच्या कानात झांज वाजू लागली, पण बेताल. त्यांनी कागदांची पिशवी पुढे केली. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की आपण गंज खरवडला, खड्डे भरले, रंग दिला. आकडे बिकडे काही पाहिल्याचं आठवत नव्हतं. आणि आठवणार कसं? घासताना चष्म्यावर पांढरी धूळ बसते म्हणून सर तो काढून ठेवत आणि बोटांनी बघत.

"मी आज काही लिहीत नाही," निरीक्षक म्हणाला. "तुम्ही मास्तर माणूस आहात. सोमवारपर्यंत नंबर दाखवा. नाहीतर विकणाऱ्याने गाडी अशीच दिली असं लेखी द्या, म्हणजे चौकशी तिकडं जाईल. दोन्ही नाही झालं तर मला गाडी ठाण्यात पाठवावी लागेल."

ठाण्यात! ज्या माणसाने ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा दिल्याबद्दल माफीपत्र लिहिलं होतं, तो ठाण्यात!

त्या आठवड्यात सर कसे जगले ते त्यांचं त्यांना ठाऊक. गाडी पडवीत उभी होती, तिच्यावर त्यांनी नाताळच्या नाटकाचा पडदा टाकला. पडद्यावर सरांनीच रंगवलेले तीन ज्ञानी पुरुष होते, आणि तिघेही बोट दाखवत होते ते नेमकं गाडीच्या मानेकडे. फोन वाजला की सर दचकत. हनीफ मेस्त्रींना विचारलं तर ते म्हणाले, "सर, चौकट मी पाहिलीच नाही, ती तुमच्याकडे होती," आणि या साध्या वाक्यातही सरांना साक्ष ऐकू आली. मंगळवारी गल्लीत पोलिसांची जीप शिरली. सर न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. अर्ध्या तासाने हेलनबाईंनी दारावर थाप मारली.

"अहो, या बाहेर. केशरबाईंच्या निकिताच्या पासपोर्टची चौकशी होती."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"विचारलं. म्हणाले, पासपोर्टवाल्यांचं घर हेच का. मी म्हटलं, पलीकडचं. गेले."

"तोंडावर काही संशय?"

"त्यांच्या तोंडात पान होतं."

छगनरावांना हे कळणारच होतं. ते संध्याकाळी खुर्ची घेऊनच आले.

"घाबरायचं कारण न्हाई," त्यांनी सुरुवात केली, आणि सरांनी आधी फाटकाकडे बघून घेतलं. "स्वेटर तेवढा जवळ ठेवा. कोठडीतली फरशी लई गार. चष्म्याची दोरी काढून घेतेत, नाडीसुद्धा काढून घेतेत. तर इलॅस्टिकचा पायजमा घाला."

"छगनराव, अहो, मी काहीच केलेलं नाही!"

"तेच म्हनतो मी. आपन काय केलं न्हाई, मग आपन का भोगायचं? साहेबानं वाट दिली ना? द्या लिहून, त्या बाईनं अशीच दिली म्हनून. ती बघंल अन् पोलीस बघतील."

"राहीबाई तशा नाहीत हो."

"सर, मी बत्तीस वर्सं एसटी चालवली. चेहऱ्यावरून पाकीटमार वळखता येत असता, तर माझं पाकीट तीनदा गेलं असतं का?"

छगनराव वाईट माणूस नव्हे. शेजाऱ्याचा जीव वाचावा एवढीच त्याची तळमळ. पण भ्यालेल्या माणसाच्या कानात सल्ला पडला की तो तिथे घर करून राहतो. दोन दिवस सरांनी तो विचार झिडकारला. तिसऱ्या दिवशी त्यांना शंका आली की बारा वर्षं भंगारवाल्याला न दिलेली गाडी बाईंनी आपल्याला इतकी पटकन का दिली. चौथ्या दिवशी धपाट्यांचाही संशय येऊ लागला. शनिवारी दुपारी टेबलावर बसून त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात अर्ज लिहिला: सदर वाहन मला श्रीमती राहीबाई यांनी आहे त्याच स्थितीत दिले असून, चेसिस नंबर नसल्याबाबत मला काहीही माहिती नाही. समास सोडला, खाली सही केली, घडी घालून खिशात ठेवला. तो हेलनबाईंना दाखवला नाही. एवढ्यावरूनच तो कसा अर्ज होता ते कळावं.

रविवारी बेलापूरला कीर्तन होतं. उपासना संपली, दुपारी मांडवात मंडळी बसली. सर झांज घेऊन आपल्या जागी उभे राहिले, पण आज बळ येईना. खिशातला कागद छातीला टोचत होता. पुढच्या रांगेत बायका होत्या, त्यातल्या प्रत्येकीचा पदर सरांना राहीबाईंसारखा दिसत होता.

सत्यशीलाबाईंनी निरूपणाला घेतलं होतं ते तळहातावर कोरलेल्या नावाचं वचन. देव आपल्या लेकराचं नाव हातावर कोरून ठेवतो, ते विसरत नाही. मग बाई दृष्टान्तावर आल्या.

"एका गावात होतं देऊळ, आपल्या प्रभूचं. त्याच्या उंबऱ्यावरच्या दगडात एका म्हातारीचं नाव कोरलं होतं. तिनं मजुरी करून तो दगड दिला होता. मंडळी फार भाविक हो! दर नाताळाला काय करायची?"

"चुना द्यायची," पुढची एक आजी म्हणाली.

"चुना द्यायची! एक थर, दोन थर, चाळीस थर. आणि एक दिवस मंडळी म्हणाली, अगं बाई, म्हातारीचं नाव गेलं कुठं? कुणी पुसलं? कुणी म्हणालं, गवंड्यानं पुसलं. कुणी म्हणालं, नाव नव्हतंच, म्हातारी खोटं बोलली. अरे, म्हातारीवर आळ घेता? आपल्या हाताकडं बघा की! कोपरापर्यंत चुना कुणाच्या आहे?" आणि बाईंनी चिपळ्या वाजवून सूर लावला:

"कोरियेले नाम, जाईल ते कोठे ।
आम्हीच चढविले, थर मोठे मोठे ॥"

झांज थांबली.

तीस वर्षांत पहिल्यांदा सरांची झांज समेवर वाजली नाही. सर आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होते. पहिलं बोट, ज्याने चाचपलं. अंगठा, ज्याने दाबून भरलं. गाडीच्या मानेवरचे ते चरे, खिळ्याने कुणीतरी ओरबाडल्यासारखे, एका ओळीत! एका ओळीत, सारख्या अंतरावर! गंज कधी एका ओळीत धरतो का?

"लांबी!" सर ओरडले. "अहो, लांबी! मी भरली! मीच भरली!"

तबलेवाल्याने झटका आला समजून त्यांना काखेत धरलं. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा आणला. सत्यशीलाबाईंनी मात्र चिपळ्या खाली ठेवल्या नाहीत. त्यांनी इतक्या वर्षांत कीर्तनात रडलेली, पडलेली, उठलेली माणसं पाहिली होती.

"सर, पोचलं का?" त्यांनी विचारलं.

"पोचलं, बाई."

"मग झांज धरा. धृपद राहिलंय."

घरी आल्यावर सरांनी आधी खिशातला अर्ज काढून हेलनबाईंच्या हातात दिला. लपवून ठेवलेलं सोसत नव्हतं. हेलनबाईंनी तो उभ्यानेच वाचला. ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "धपाट्यांचं फडकं अजून आपल्याकडंच आहे. मी धुऊन ठेवलंय." मग अर्ज चुलीत घालावा तर घरात गॅस, म्हणून तो त्यांनी बारीक फाडला आणि स्वयंपाकघरातून सुरी घेऊन पडवीत गेल्या.

तिन्ही ज्ञानी पुरुषांना बाजूला केलं. सरांनी सुरी हातात घेतली, मानेवर टेकवली, आणि परत उचलली. सात हात लांबी, तीन थर रंग. शिवाय, खाली काही नसलं तर?

"हेलन, मला नाही जमत."

"सरका."

हेलनबाईंनी वांगं सोलावं तसा तो काळा आरसा सोलला. पांढरी पूड पडली. मग कापडाचा बोळा थिनरमध्ये बुडवून घासला. एक आकडा दिसला. मग दुसरा. सर पुस्तक धरून मोठ्याने आकडे वाचत होते, त्यांच्या आवाजात वधस्तंभाजवळच्या प्रार्थनेचा कंप होता. शेवटच्या आकड्याशी गाडं अडलं. पुस्तकात इंग्रजी आठ, गाडीवर तीन.

"संपलं," सर म्हणाले आणि पायरीवर बसले.

हेलनबाईंनी डोक्यातली पिन काढली, आकड्याच्या डाव्या अंगाची लांबी कोरली. तीनचा आठ झाला. कुंपणापलीकडून छगनराव म्हणाले, "मी म्हनलंच हुतं, बाई चांगली हाय म्हनून!"

सोमवारी निरीक्षकाने टॉर्च मारला, कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, आणि कागदावर नंबर उमटला.

"हा मागच्या आठवड्यात कुठं होता?"

सरांनी सगळं सांगितलं. सात हात सांगितले, अर्ज सांगितला, फाडला तेही सांगितलं, म्हातारीचा दगडही सांगितला. मागे रांग लागली होती. निरीक्षकाने सगळं ऐकून घेतलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "सर, एक विनंती आहे. पुढच्या वेळी जरा कमी मन लावून काम करा."

राहिलं ते राहीबाईंना दिलेलं वचन. टेम्पोत घालून नेली असती, पण बाईंना आवाज लांबून ऐकायचा होता. सर हेल्मेट, स्वेटर आणि छगनरावांनी सुचवलेला इलॅस्टिकचा पायजमा घालून निघाले. मागे हेलनबाई बसल्या. एकट्याला सोडायची त्यांची तयारी नव्हती. सगळा रस्ता सर तीसच्या वर गेले नाहीत. उसाने भरलेला ट्रॅक्टर समोर दिसला की ते गाडी खाली घेऊन थांबत, तो दिसेनासा झाला की प्रार्थना करून परत निघत. एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वळून नमस्कारही केला.

वस्तीच्या अलीकडे ओढ्यापाशी चढ आहे. तिथे राजदूतने दम लावला आणि तिचा तो जुना, फुटका, भरदार आवाज रानात गेला. वस्तीवर पोचले तेव्हा राहीबाई अंगणात उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठाचे. चूल पेटलेली.

गाडी बंद करू नका, अशी त्यांनी हाताने खूण केली. आवाज पोटभर ऐकून पुढे आल्या, टाकीवर पिठाचा हात न लावता नुसता वरून फिरवला. सोनेरी रेघ पाहिली. मग सरांना जे सांगायचं होतं ते सरांनी सांगितलं, अर्जाचंसुद्धा. राहीबाईंनी ऐकलं, पदराने डोळे पुसले की घाम, ते सरांना कळलं नाही.

"भ्याल्यावर मानूस काय बी लिहितो, सर," त्या म्हणाल्या. "आमचे मालक तर पोलिसाला बघून आपलंच नाव इसरायचे. चला, भाकरी झालीया."

हेलनबाईंनी धुतलेलं फडकं त्यांच्या हातात दिलं. सर हेल्मेट काढून वळले, एवढ्यात राहीबाई गाडीच्या मानेशी वाकल्या. सगळ्या चकचकीत काळ्या अंगावर तो तेवढा तळहाताएवढा खरवडलेला, उघडा लोखंडी तुकडा.

"सर, एवढं झ्याक केलं," त्या म्हणाल्या, "अन् हितंच का वो खड्डं ठिवलं? जरा कायतरी भरून घ्या की!"

सरांनी दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि जेवायला पळाले.